पारणे नसलेला उपवास

सुकवलेला मासा पाण्यात भिजत घालायचा. शिळ्या पावाचे तुकडे करून त्यावर बिअर ओतायची आणि पाव विरघळेपर्यंत मंद आचेवर शिजवून त्याची पेज करायची. गाब्रिएल आक्सेल या डॅनिश दिग्दर्शकाच्या १९८७ सालच्या ‘बाबेट्स फीस्ट’ या चित्रपटात जटलंडच्या उजाड किनाऱ्यावर राहणाऱ्या दोन धर्मपरायण बहिणी पॅरिसहून आश्रयाला आलेल्या बाबेट नावाच्या बाईला आपल्या घरचा स्वयंपाक असा शिकवतात. ती मुकाट्याने ऐकते आणि सांगितले तसे करते. ही बाई युरोपभरच्या राजेरजवाड्यांना जेवू घालणाऱ्या काफे आंग्लेची मुख्य आचारी होती, हे त्या बहिणींना चौदा वर्षांनी कळते; आणि कळते तेव्हा लॉटरीत लागलेले दहा हजार फ्रँक तिने एका रात्रीच्या बारा पानांवर खर्च करून टाकलेले असतात.

या चित्रपटाला आता चार दशके होत आली. डेन्मार्कला परभाषी चित्रपटाचे पहिले ऑस्कर त्याने १९८८ मध्ये मिळवून दिले, आणि पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबजीवनावरच्या २०१६ सालच्या आपल्या धर्मपत्रात त्याचा उल्लेख केला. तरीही बहुतेकांच्या स्मरणात तो खाद्यपदार्थांचा देखणा चित्रपट म्हणूनच राहिला आहे. कासवाचे सूप, कॅव्हियर घातलेले ब्लिनी, पापुद्र्याच्या पेटीत बसवलेले लावे, १८६० सालची शॅम्पेन यांची नावे रसिकांना पाठ असतात. त्या मेजाभोवती बसलेली माणसे कुठून आली, त्यांच्या धर्माने त्यांना चवीची भीती का घातली आणि त्याच धर्माने त्यांना दारिद्र्यातही दुसऱ्याला वाढायला कसे शिकवले, याची चौकशी फारशी होत नाही. ती करायची तर फार मागे जावे लागते, आणि वाटेत एका वळणावर मराठी माणसाला आपलेच घर भेटते.

तप आणि ताट यांचा तंटा धर्माइतकाच जुना आहे. हाडांचा सापळा होईपर्यंत उपवास केलेल्या सिद्धार्थाने सुजाताच्या हातची खीर घेतली, तेव्हा त्याचे पाच सहतपस्वी त्याला सोडून गेले. ख्रिस्ती परंपरेत इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी एका बाजूला आणि लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस करणारा येशू दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताण पहिल्या शतकांपासूनच दिसते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांच्या नियमावलीत दोन शिजवलेले पदार्थ, दिवसाला एक रतल पाव आणि ठरलेल्या मापाची द्राक्षमदिरा असा मध्यम मार्ग घालून दिला. आजाऱ्याला आणि कष्टाचे काम करणाऱ्याला जास्त वाढण्याची मुभा ठेवली. सहाशे वर्षांनी, ११२५च्या सुमारास, क्लेअर्व्होच्या बर्नार्डने क्लूनीच्या मठवासीयांवर कोरडे ओढले, ते साधी अंडीही तळून, भाजून, घोटून, सारण भरून किती तऱ्हांनी खाल्ली जातात यावर. नियम तोच होता, त्याला मानणारेही तेच. फक्त मधल्या काळात मठांना मिळालेल्या जमिनी वाढल्या होत्या. पुढे बर्नार्डच्या पंथाचे मठही धनधान्याने भरले आणि त्यांच्यातूनही कठोर वर्तनाची हाक देणारे निघाले.

मध्ययुगीन युरोपाने या ओढाताणीला दिलेले उत्तर मात्र शहाणपणाचे होते. त्याने दोन्ही गोष्टींना पंचांगात जागा दिली. ईस्टरआधी चाळीस दिवस मांस, अंडी, लोणी वर्ज्य, आणि त्यानंतर ईस्टरचे जेवण. उपवासाला शेवटचा दिवस होता आणि तो सगळ्या गावाला ठाऊक होता. एकादशीमागून द्वादशी येते हे ज्याच्या घरात मुलांनाही कळते, त्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. पारणे हा उपवासाचाच अखेरचा विधी आहे. पारणे फेडल्याशिवाय व्रत पुरे होत नाही, आणि पारण्याच्या पंगतीला चार माणसे बोलवावीत हेही त्यात गृहीत असते.

हे पंचांग मोडले सोळाव्या शतकात, आणि तेही स्वातंत्र्याच्या नावाने. मार्च १५२२ मध्ये झ्युरिकच्या क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी, उपवासाच्या दिवसांत, धुरावलेल्या सॉसेजचे तुकडे करून वाटले गेले. धर्मसुधारक त्स्विंग्ली तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण पुढच्या काही दिवसांत प्रवचन देऊन, अन्नाच्या बाबतीत ख्रिस्ती माणूस मोकळा आहे, असे त्याने ठणकावले. सुधारकांचा हेतू चांगलाच होता. पैसे भरून उपवासातून सूट मिळवण्याच्या व्यवहाराला ते विटले होते. परंतु ठरावीक दिवसांचे उपवास गेले तेव्हा ठरावीक दिवसांचे सणही फिके पडत गेले. आणि बंधन दिनदर्शिकेतून निघून माणसाच्या मनात जाऊन बसले, तेव्हा ते कधी सुटायचे हे सांगणारे कोणी उरले नाही. व्यक्तीची सुटका म्हणून सुरू झालेली गोष्ट दोनतीन पिढ्यांत व्यक्तीवरची अखंड पाळत होऊन बसते, हा अनुभव युरोपाने पुढे राजकारणातही घेतला.

१६७५ मध्ये फिलिप याकोब श्पेनरच्या पुस्तकातून जर्मनीत जो भक्तिपंथ उभा राहिला, त्याला पायटिझम म्हणतात. कोरड्या शास्त्रचर्चेपेक्षा घराघरातले बायबलवाचन, पश्चात्ताप, साधी राहणी आणि दुःखितांची सेवा यांवर त्याचा भर होता. हाले शहरात या पंथाने अनाथाश्रम, शाळा, औषधालय उभारले. डेन्मार्कमध्ये तो राजदरबारात पोचला. सहाव्या क्रिस्टियनच्या कारकिर्दीत, म्हणजे १७३० ते १७४६ या काळात, नाटकांवर बंदी आली आणि १७३५च्या फर्मानाने रविवारी चर्चला न जाणाऱ्यांना शिक्षा ठरली. चित्रपटातल्या बहिणींचे वडील, त्यांचा छोटा पंथ, त्यांची काळी वस्त्रे ही सगळी या घराण्याची शेवटची, दूरच्या किनाऱ्याला लागलेली पिढी होय.

याच घराण्याची एक शाखा मात्र जटलंडपेक्षा कितीतरी दूर, कावेरीच्या मुखाशी गेली. तरंगंबाडी हे बंदर १६२० पासून डॅनिश लोकांच्या ताब्यात होते. चौथ्या फ्रेडरिक राजाने पाठवलेला त्सिगेनबाल्ग १७०६ मध्ये तिथे उतरला, आणि १७५० मध्ये हालेतच शिकलेला क्रिस्टियन फ्रीडरिक श्वार्त्झ आला. हा अविवाहित, साध्या कपड्यातला, साध्या जेवणाचा माणूस १७७८ पासून तंजावरला राहिला. भोसल्यांच्या त्या दरबारासाठी तो मराठीही शिकला. हैदर अलीच्या स्वाऱ्यांनी १७८० नंतर भोवतालचा मुलूख उजाड झाला आणि तंजावरच्या किल्ल्यात माणसे भुकेने मरू लागली, तेव्हा आसपासच्या गावांत धान्य होते, पण शेतकरी ते किल्ल्यात आणायला तयार नव्हते. राजाच्या माणसांनी आणि कंपनी सरकारच्या माणसांनी त्यांना आधी इतक्यांदा बुडवले होते की कोणाच्याही शब्दाला किंमत उरली नव्हती. अखेर श्वार्त्झने पैसे मिळतील अशी हमी दिली, आणि बैलांचे तांडे धान्य घेऊन किल्ल्यात आले. त्याने आधीपासून साठवून ठेवलेल्या तांदळावरही अनेक जीव जगले. स्वतः कमी खाणाऱ्याच्या शब्दावर भुकेल्यांनी विश्वास ठेवला, ही गोष्ट मला सगळ्या धर्मचर्चेहून मोठी वाटते.

मरणशय्येवरच्या तुळजाराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या सरफोजींचा सांभाळ याच माणसावर सोपवला. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि गुरूवरची त्यांची माया त्यामुळे उणी झाली नाही. फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्यांनी श्वार्त्झचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले. आता पाहण्यासारखे हे की, चवीकडे पाठ फिरवणाऱ्या गुरूच्या या शिष्याच्या दरबारात ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ सिद्ध झाला, ज्यात राजवाड्यातल्या मुदपाकखान्याचे पदार्थ मापासकट नोंदले आहेत. आणि याच राजाने १८०१ मध्ये आपल्या छत्रांसाठी इंग्रज अधिकाऱ्यांकडे रदबदली केली.

छत्र म्हणजे तंजावरच्या राजांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर बांधलेली धर्मशाळा आणि अन्नछत्र. राज्याचा कारभार तोवर कंपनीकडे गेला होता, आणि छत्रांना लावून दिलेल्या उत्पन्नाला कात्री लागेल अशी धास्ती सरफोजींना होती. छत्रांत काय चालते हे त्यांनी पत्रात तपशिलाने सांगितले. ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी अशा सर्व जातींच्या वाटसरूंना शिजवलेला भात मिळतो. जे शिजवलेले घेत नाहीत त्यांना कोरडा शिधा देतात. आजाऱ्याला वैद्य आणि पथ्याचे अन्न मिळते. वाढणे मध्यरात्रीपर्यंत चालते, आणि मग घंटा वाजवून मोठ्याने पुकारा करतात की कोणी जेवायचे राहिले असेल तर त्याने यावे. जमाखर्चाच्या भाषेत विचार करणाऱ्या नव्या राज्यकर्त्यांपुढे एका मांडलिक राजाला भुकेल्याचा हक्क पत्राने मांडावा लागला. त्या शतकात पुढे मद्रास इलाख्यानेच काय दुष्काळ पाहिले हे आठवले, म्हणजे ती मध्यरात्रीची घंटा कानात राहते.

या काळापर्यंत युरोपात गोष्टी दुसऱ्या वळणाला लागल्या होत्या. डेन्मार्कमध्ये १७७० साली स्ट्रुएन्झे या मंत्र्याने कामाचे दिवस वाढावेत म्हणून अनेक धार्मिक सुट्ट्या रद्द केल्या. धर्मसुधारणेतून जे सण वाचले होते त्यांतले बरेच अर्थव्यवस्थेने नेले. एकोणिसाव्या शतकात तिथल्या श्रद्धावंतांत सरळ दोन तट पडले. एकीकडे ग्रुन्टव्हिग, माणूस आधी आणि मग ख्रिस्ती असे सांगणारा, गाणी, गोष्टी आणि लोकशाळा यांतून शेतकऱ्याला उभे करणारा. दुसरीकडे १८६१ पासून व्हिल्हेल्म बेक याच्या नेतृत्वाखाली वाढलेले ‘अंतर्गत मिशन’, ज्याने नाच, पत्ते आणि दारू यांना पापाच्या यादीत घातले. पश्चिम जटलंडच्या मच्छीमार वस्त्यांनी दुसरी वाट धरली. २१ नोव्हेंबर १८९३ रोजी हारबोअरे गावचे सव्वीस मच्छीमार समुद्राने गिळले, आणि त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी कार्ल मो या धर्मोपदेशकाने शोकात बुडालेल्या कुटुंबांपुढे पश्चात्तापाची आणि नरकाची भाषा केली. सगळा देश हादरला. पण त्या वस्तीला ती भाषा ओळखीची होती, कारण दर हिवाळ्यात मरण दारात उभे राहणाऱ्या माणसांना ती कठोरता आधारही देत असे. कारेन ब्लिक्सन या डॅनिश लेखिकेची, चित्रपटामागची मूळ कथा नॉर्वेतल्या बेरलेव्होगला घडते. आक्सेलने ती जटलंडला आणली, आणि माझ्या मते हा त्याचा सर्वांत अचूक निर्णय होता.

त्याच शतकात पॅरिसमध्ये उपवास नसलेली मेजवानी चालू होती. ७ जून १८६७ रोजी काफे आंग्लेमध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर, त्याचा वारस, प्रशियाचा राजा विल्हेल्म आणि बिस्मार्क जेवायला बसले. अदोल्फ द्यूग्लेरे या आचाऱ्याने रांधलेले ते सोळा पदार्थांचे भोजन आठ तास चालले. तीन वर्षांनी त्याच विल्हेल्मच्या फौजांनी सप्टेंबर १८७० मध्ये पॅरिसला वेढा घातला, आणि चार महिन्यांत शहराने घोडे, कुत्री, मांजरे आणि उंदीर खाल्ले. प्राणिसंग्रहालयातले कॅस्टर आणि पॉलक्स हे दोन हत्ती गोळ्या घालून खाटकाला विकले गेले. त्या वर्षीच्या नाताळात व्हुआझां या रेस्टॉरंटच्या यादीत हत्तीचे सूप होते. श्रीमंतांसाठी दुष्काळही एक चव होऊन आला, आणि गरिबांच्या रांगा पावासाठी उभ्या राहिल्या.

त्या रांगांतूनच १८७१ सालचा कम्यून हा पॅरिसच्या जनतेचा उठाव झाला, आणि मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात रक्तात बुडाला. कैद्यांच्या रांगेपुढून फिरणाऱ्या जनरल गालिफेने पिकल्या केसांच्या माणसांना वेगळे काढले, कारण त्यांनी १८४८चा उठाव पाहिला होता म्हणून त्यांचा अपराध मोठा, अशी हकीकत त्या काळच्या वृत्तांतांत आहे. स्मरणशक्तीच गुन्हा ठरावी, इतके सत्ताधाऱ्याला स्मरणाचे भय असते. बाबेटचा नवरा आणि मुलगा या कत्तलीत गेले. आणि ज्या गालिफेने त्यांना मारले, तोच काफे आंग्लेत तिच्या हातचे जेवत असे, तिच्या कलेची वाखाणणी करीत असे. ब्लिक्सनने हे नाव इतिहासातून उचलून कथेत ठेवले. तिचे वडील व्हिल्हेल्म दिनेसन यांनी कम्यूनमधले पॅरिस डोळ्यांनी पाहिले होते. घरात ऐकलेल्या त्या आठवणी पन्नासाहून अधिक वर्षे मुरल्या असतील.

ब्लिक्सनची ही कथा १९५० मध्ये अमेरिकेतल्या ‘लेडीज होम जर्नल’ या स्त्रियांच्या मासिकात आली. केनियातला कॉफीचा मळा गमावून ती १९३१ मध्ये डेन्मार्कला परतली होती आणि पुढे आजाराने तिची अन्नाची वासनाच हिरावून घेतली. १९६२ मध्ये गेली तेव्हा ती अगदी कृश झाली होती. जिला स्वतःला जेवण जात नव्हते, तिने हे जेवण लिहिले. या एका गोष्टीमुळे कथेतल्या दानाला माझ्या लेखी वेगळे वजन येते.

आता त्या मेजाजवळ जाऊ. दिवंगत धर्मगुरूच्या शंभराव्या जयंतीला त्याचे म्हातारे अनुयायी जमले आहेत. वर्षानुवर्षांच्या किरकोळ हेव्यादाव्यांनी त्यांची प्रार्थनासभा आतून कुरतडली आहे. पापे मोजता मोजता ते एकमेकांचीच मोजू लागले आहेत. जिवंत कासव स्वयंपाकघरात पाहून घाबरलेल्या थोरल्या बहिणीने सगळ्यांकडून वचन घेतले आहे की जेवणाबद्दल एक शब्दही काढायचा नाही, जिभेला जणू चवच नाही असे वागायचे. फक्त पाहुणा म्हणून आलेल्या सेनापती लोव्हेनहिल्मला याची कल्पना नाही. लाव्याचे डोके उचलून, दातांनी फोडून तो ते चोखतो, आणि त्याच्या डोळ्यांत काफे आंग्लेची एक जुनी रात्र उभी राहते. शेजारची म्हातारी त्याच्याकडे पाहते, आणि मग तीही तेच करते. दुसरी एक पाण्याचा पेला तोंडाला लावते, तोंड वाकडे करते आणि हलकेच मद्याच्या पेल्याकडे वळते. कोणी वचन मोडत नाही. पण ज्याने ज्याला फसवले होते तो ते कबूल करतो, समोरचा हसून सोडून देतो, आणि बाहेर पडल्यावर ही माणसे विहिरीभोवती एकमेकांचे हात धरून उभी राहतात.

पारणे झाले. शंभर वर्षांचा उपवास फेडायला एक परकी, कॅथलिक, परागंदा बाई यावी लागली. तिनेही याआधी चौदा वर्षे पावाची पेज शिजवली होती, आणि बहिणी ज्या गरीब म्हाताऱ्यांना ती पेज रोज पोचवत, त्यांच्या पेजेत कांदा, पाला, हाताची चव घातली होती. ती शेजारी आजारी पडलेल्यांच्या दारी जाते तेव्हा एक म्हातारा तिच्या हातचे जेवून देवाचे आभार मानतो, हा प्रसंग चित्रपटात फार थोडा वेळ आहे. चित्रपटाचा सांगाडा तिथेच उभा आहे. या दोघी बहिणींनी सुख नाकारले, पण दुसऱ्याच्या दारात अन्न पोचवणे त्यांनी कधी सोडले नाही. श्वार्त्झच्या तांदळाची आणि त्यांच्या पेजेची परंपरा एकच होती. त्यांचा संयम सुकला, पण सडला नाही. म्हणूनच त्या रात्री त्यात पाणी मुरू शकले.

आपल्या काळात हे दोन्ही घटक पुन्हा वेगळे पडले आहेत, आणि या खेपेस त्यांना जोडणारा धर्मही नाही. संयम आता शरीराच्या मोजमापासाठी केला जातो: उष्मांक मोजणारे यंत्र मनगटावर, ठरलेल्या तासांचा उपास, आणि तो सुटतो तेव्हा समोर बहुधा कोणीच नसते. चैन वेगळीच चालली आहे. डेन्मार्कमध्ये २००४ साली नॉर्डिक आचाऱ्यांनी स्थानिक, साध्या अन्नाचा जाहीरनामा काढला, तेव्हा त्यातला हेतू खरा होता. पण कोपनहेगनचे नोमा २०१० मध्ये जगातले अव्वल रेस्टॉरंट ठरले, आणि त्या बहिणींच्या किनाऱ्यावरचे शेवाळ, रानपाला, खारवलेला मासा काफे आंग्लेच्या लाव्यांइतकाच सामान्यांच्या हाताबाहेर गेला. क्लूनीची अंडी आठवतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगाने १०५ कोटी टन अन्न वाया घालवले, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा, आणि त्याच वेळी ७८ कोटींहून अधिक माणसे उपाशी होती. मराठी लग्नाच्या हॉलमागे रात्री अकराला टेम्पोत ओतल्या जाणाऱ्या मसालेभाताच्या परातींचा या आकड्यात वाटा आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. आपल्याकडे पुरणपोळीपेक्षा उरलेल्या अन्नाची वाटणी अवघड झाली आहे.

वेढे अजून घातले जातात, आणि धान्याच्या गाड्या नाक्यावर अडवल्या जातात. सही करणारे त्या संध्याकाळी चांगल्या ठिकाणी जेवतात. गालिफेलाही चवीची जाण होती.

चित्रपटात सेनापतीचा गाडीवान मेजावर नाही. बारा पाने लागली आहेत, तेरावे लावायला जागा नाही. तो स्वयंपाकघरात चुलीजवळ बसला आहे, आणि बाबेट मदतीच्या पोराला खुणेने सांगते की याचाही पेला भर. सूप येते, ब्लिनी येतात, लावा येतो, वर गेलेला प्रत्येक पदार्थ त्याच्यापुढेही येतो, आणि जेवणाबद्दल अवाक्षर न काढण्याचे वचन ज्याने दिलेले नाही असा तो माणूस दर घासाला तोंड भरून म्हणतो की छान झाले आहे. बाबेट त्याच्याकडे पाहते, घाम पुसते, आणि पुढचे भांडे चुलीवर चढवते.